नखपॉलिशची बाटली

त्र्याऐंशी साली भूमजवळच्या आमच्या गावात रक्ततपासणीचं शिबीर आलं, तेव्हा माझं लग्न एका काचपट्टीवर अडलेलं होतं.

धाकटा भाऊ पिराजी सिकलसेलचा. त्याचे सांधे धरले की तासन्‌तास मी गुडघे चोळत बसायची. मला आजार नव्हता, पण तो माझ्या रक्तातून पुढं जाऊ शकतो, हे आधीच्या तपासणीत कळलं होतं. मामाच्या मच्छिंद्रशी माझं ठरलेलं. त्याच्याही रक्तात तेच निघालं, तर आमच्या पोटी दुसरा पिराजी यायची भीती. "तपासल्याबिगर मी मांडवात यायची न्हाय," असं मी श्रीमंतमामांना सांगून टाकलं होतं. मच्छिंद्र मला लई आवडतो, एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

दूध संस्थेच्या पत्र्याखाली टेबल लागलं. तपासणीवाले गुंडाप्पा बोट टोचायचे, की लगेच लाल नखपॉलिशचा ब्रश बाहेर काढायचे. मी लांब उभी राहून बायांची रांग लावत होते, मला तेवढंच दिसे. मतदानाची शाई लावतात तसं असणार, मी ठरवून टाकलं. ते चहाला गेले तसं म्हटलं, बिचाऱ्यांचं काम हलकं करू, आणि टोचलेल्या बायांची नखं रंगवायला बसले.

"नागूबाई, तुम्हाला टोचलंय का?"

"टोचतील की. तू रंगव. अन् एकच कशाला, धाची धा."

गुंडाप्पा आले. मच्छिंद्रचं बोट टोचलं, थेंब काचपट्टीवर घेतला, औषध घातलं, वर पातळ काच ठेवली आणि बाटली उघडली. आत ब्रश कोरडा.

त्यांनी रांगेतल्या लाल नखांकडं पाहिलं. "बाटली कुणाच्या लग्नाला गेली?"

"माझ्याच," मी म्हणाले.

मग कळलं, ते पॉलिश काचेच्या कडा बंद करायला होतं. "हवा आत गेली, की आजाराच्या वाकणाऱ्या पेशीबी वाकत न्हाईत. सगळ्या गोलच दिसणार," गुंडाप्पा म्हणाले.

मामांचा चेहरा उजळला. "मग झालं की. आपल्याला गोलच पायजेत. बघा अन् लिवा."

बाया हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी पिराजीचे गुडघे आठवले.

"न्हाय मामा. खोट्या गोलावर मी न्हाय यायची."

मच्छिंद्र चपला टाकून पळाला तो थेट बांगड्यावाल्या हमिदाबींकडं. त्या स्वतःच गुलाबी बाटली घेऊन आल्या. "अगे, पैले बोलना था ना!"

आता दोन पट्ट्या झाल्या, एक त्याची, एक औषध चालतंय का ते ताडायला माझी. दोन्ही गुलाबी कडेच्या. अर्धा तास थांबायचं होतं. मामांनी तेवढ्यात चार वेळा घड्याळ कानाला लावलं.

गुंडाप्पांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला दिलं. माझ्या पेशी वाकलेल्या, विळ्यांसारख्या. त्याच्या मात्र सगळ्या गोल, कडेला पसरत गेलेल्या भाकरीगत.

"हे खरे गोल?"

"खरे. तुमच्या पट्टीवर औषध चाललं, म्हंजे त्याच्याबी चाललंच की. पोरांना हा आजार व्हायचा न्हाय."

माझे पाय जमिनीवर राहीनात. मच्छिंद्रचं टोचलेलं बोट सगळ्यांदेखत धरलं आणि नखाला गुलाबी रंग फासला.

"बाई, याची गरज नसते," गुंडाप्पा म्हणाले.

"आता माहीत हाय," मी म्हणाले, आणि त्याचं दुसरं नख धरलं.