राणी एलेना आणि उकिडवे

म्युनिकजवळच्या गार्चिंग गावात अंड्याच्या आकाराची अणुभट्टी होती. तिथे डॉक्टरेट करणाऱ्या आत्माराम उकिडव्याला तिची भीती कधीच वाटली नाही. भट्टी भिंतीच्या आत होती आणि तिच्यावर नजर ठेवायला पगारी माणसं होती. फ्राउ ब्रुकमायर मात्र मोकळी फिरत असे.

फ्राउ ब्रुकमायर म्हणजे त्याची घरमालकीण. साठी उलटलेली विधवा, हात लोहारासारखे. घरात नियम बरेच होते, पण सगळ्यांत मोठा हा, की खोलीत बाईमाणूस दिसता कामा नये. कारण भाडेकरूच्या खोलीत बाई सापडली, तर १९६३ साली तिथे असलेल्या कायद्याप्रमाणे पोलीस आधी मालकिणीला धरत. आत्माराम सांगली सोडून इतक्या लांब आला होता तो न्यूट्रॉनसाठी, बाईसाठी नव्हे. तरीही हा नियम ऐकल्यापासून तो रस्त्याने जाताना आपल्या खिडकीकडे बघून आत कोणी बाई तर नाही ना, याची खात्री करून घ्यायचा.

खोलीत त्याचा भागीदार होता क्रिसान्तो मागबानवा. फिलिपिन्सच्या इलोइलोचा, रसायनशास्त्रवाला, अंगाने काडी. तो कॅथलिक होता, त्यामुळे दर रविवारी मालकिणीबरोबर चर्चला जायचा आणि तिथल्या वेदीवरची कापडं अशी इस्त्री करून द्यायचा की बायकांच्या अख्ख्या मंडळाने हात टेकले होते. मालकीण त्याला 'आमचा क्रिसान्तो' म्हणे. आत्मारामला 'वरचा' म्हणे.

मे महिन्यातला शनिवार होता. बव्हेरियात मे महिना मेरीमातेचा. दुपारनंतर चर्चमध्ये तिची प्रार्थना असते, मालकीण तिकडे गेली होती. आत्माराम प्रयोगशाळेतून आला, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला. खिडकीशी पाठमोरी एक बाई उभी होती. पांढरा घोळदार झगा, खांद्यांवर फुलपाखराच्या पंखांसारख्या उभ्या बाह्या, डोक्यावर मुकुट.

त्याने दार बाहेरूनच ओढून घेतलं. आपण खोली चुकलो असू, असा विचार त्याने केला. पण जिना चढून वर एकच खोली होती. खाली जाऊन पुन्हा वर यावं, तोवर कदाचित ती जाईल, असंही त्याला वाटलं. शेवटी त्याने दार किलकिलं केलं.

"आत ये आणि दार लाव," बाई क्रिसान्तोच्या आवाजात म्हणाली.

आत्मारामचा जीव भांड्यात पडला. "तू आहेस होय. मला वाटलं, बाई आहे."

क्रिसान्तोने वळून त्याच्याकडे बघितलं. "एवढंच?"

"म्हणजे आणखी काय?"

आता यात आत्मारामचा दोष नव्हता. त्याचे श्रीरंगकाका एका नाटक कंपनीत नायिका होते. ते घरी आले की सकाळी ओसरीवर बसून स्वतःच्या नऊवारीची किनार टाचायचे, आणि काकू सणासुदीला त्यांच्याकडूनच शालू उसना घ्यायची. रेशनकार्डावर काकांचा धंदा काय लिहायचा, यावरून मामलेदार कचेरीत एकदा तंटा झाला होता आणि शेवटी कारकुनाने 'शेती' लिहून विषय मिटवला. पुरुषाने लुगडं नेसणं हा आत्मारामच्या लेखी नोकरीचा प्रकार होता.

क्रिसान्तोने सांगितलं, की त्याच्या गावात मे महिन्यात राण्यांची मिरवणूक निघते. सगळ्यांत शेवटी राणी एलेना येते, ख्रिस्ताचा क्रूस शोधून काढणारी. राण्यांचे झगे तोच शिवायचा, आणि गेली तीन वर्षं शेवटची राणीही तोच व्हायचा. यंदा मे महिना इथे उगवला आणि त्याला राहवलं नाही. मग तो खिडकीपासून दारापर्यंत चालून आला, मान ताठ, नजर लांब कुठेतरी, आणि झग्याचा घोळ त्याच्यामागून पाण्यासारखा आला. आत्मारामने टाळ्या वाजवल्या. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी तो खाली दूध तापवायला गेला, तेव्हा स्वयंपाकघरात मालकिणीसमोर शेजारचे हेर त्सांगल बसलेले होते; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आता समोरच्या घरातून गावावर लक्ष ठेवायचं काम बिनपगारी करत होते.

"काल तुमच्या खोलीत बाई होती," मालकीण म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. आत्मारामला वाटलं, रागाने. ती घाबरलीय हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. "हेर त्सांगलनी डोळ्यांनी पाहिलंय. हे पोलिसांत गेलं तर मला तुरुंग आहे, हेर उकिडवे. या वयात."

 आत्मारामला मात्र सुटका दिसली, आणि त्याने अगदी मनापासून, हसून, तिच्या काळजीवर फुंकर घातली.

"छे हो. बाई कुठली? तो आपला क्रिसान्तो होता."

चुलीवरचं दूध उतू गेलं, ते कोणी उतरवलं नाही.

"झो. असं तर," हेर त्सांगल म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

सोमवारी कँटीनमध्ये त्याने हे सगळं वसुधा आपटेला सांगितलं. ती म्युनिकहून बसने रोज गार्चिंगला यायची, गणितात डॉक्टरेट करायची आणि त्या संस्थेत मराठी बोलणारं दुसरं माणूस तीच. तिने काटा खाली ठेवला.

"अहो उकिडवे, तुम्ही हे शेजाऱ्यासमोर बोललात?"

"बाई नव्हती हे सांगायला नको?"

"बाई असती तर मालकिणीवर आलं असतं. आता कलम एकशे पंच्याहत्तर. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवले तर तुरुंग. हिटलरच्या वेळी कडक केलं, ते अजून तसंच आहे."

"पण त्याने नुसता झगा घातला होता."

"झग्यासाठी कोणी तुरुंगात घालत नाही. झगा बघून चौकशी सुरू करतात. चौकशीत पहिला प्रश्न काय असेल सांगा."

"काय?"

"खोलीत दुसरं कोण राहतं."

आत्मारामने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे. बटाटे होते. त्यांच्यातसुद्धा त्याला काहीतरी संशयास्पद दिसू लागलं.

"मी तर टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला.

"हे पोलिसांना सांगू नका," वसुधा म्हणाली.

संध्याकाळी तो खोलीवर परतला तेव्हा क्रिसान्तो पलंगावर शांत बसला होता. उद्या सहाला गावचा हवालदार, वाख्तमाइस्टर लोख्नर, जबाब घ्यायला येणार, असा निरोप मालकिणीने दाराबाहेरून दिला होता. दार तिने उघडलं नव्हतं.

"आपण सांगू, तू नट आहेस," आत्माराम म्हणाला. "श्रीरंगकाकांसारखा."

"पडदा पडला की तुझा काका कोण असायचा?"

"काकाच. अजून कोण?"

"माझा पडदा पडला तरी मी हाच असतो."

आत्मारामला हे कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बाहेर एक ट्रॅक्टर येऊन गेला. कळलं तेव्हा त्याला भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली. या दोन गोष्टी एकदम कशा वागवायच्या हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो बूट पुसत बसला.

"तुमच्याकडे चालतं ना हे?" त्याने बुटाकडे बघत विचारलं.

"स्पॅनिश लोक यायच्या आधी फार चालायचं," क्रिसान्तो म्हणाला. "माझ्यासारख्याला असोग म्हणायचे. बायकांचे कपडे घालायचा, देवांशी बोलायचा, आजाऱ्याला उतारा द्यायचा. मग पाद्री आले. देवांशी बोलायचं काम त्यांनी घेतलं आणि आम्हाला मेरीचे कपडे शिवायला दिले. आता आम्हाला बाकला म्हणतात. गाव हसतं, पण लग्नाचा झगा माझ्याकडेच शिवायला टाकतं."

"म्हणजे चालतं."

"मे महिन्यात गाव टाळ्या वाजवतं. जूनमध्ये बाबा माझ्या पंगतीला बसत नाहीत. पण तुरुंगात कोणी टाकत नाही, आत्माराम. इथे टाकतात. मला परत पाठवलं तर शिष्यवृत्ती गेली. आणि का पाठवलं हे बाबांना पत्राने कळेल. मग जूनच राहील, बाराही महिने."

मंगळवारी संध्याकाळी वाख्तमाइस्टर लोख्नर आला. गोल चेहऱ्याचा, घामेजलेला माणूस. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने टोपी ठेवली, शेजारी पांढरा झगा आणि मुकुट ठेवला होता. हेर त्सांगल खुर्ची पुढे ओढून बसले. मालकीण चुलीशी, क्रिसान्तो भिंतीशी उभा. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आल्झो, तर मग," लोख्नर म्हणाला. "हे कोणी घातलं होतं?"

क्रिसान्तोने तोंड उघडलं.

"मी," आत्माराम म्हणाला.

असं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. त्याच्या भीतीने आपलं आपण काहीतरी ठरवलं होतं आणि त्याला विचारलं नव्हतं.

लोख्नरने त्याच्या मिशीकडे पाहिलं. मिशी मोठी होती, वडिलांच्या आग्रहाखातर ठेवलेली.

"रविवारी तुम्ही यांचं नाव सांगितलंत."

"लाज वाटली, म्हणून मित्रावर ढकललं. आमच्या घराण्यात नाटक आहे. काका राण्यांची कामं करायचे. घरची आठवण आली."

"मग करा की काम," लोख्नर म्हणाला. "घाला. चालून दाखवा. हेर त्सांगल ओळखतील."

आत्मारामने मुकुट डोक्यावर ठेवला आणि शर्टावरच झगा चढवला. तो क्रिसान्तोच्या मापाचा होता, पाठीमागे वीतभर जागा उघडी राहिली. मालकीण पुढे झाली आणि टाचण्या लावू लागली. तिच्या बोटांचा थंडपणा त्याला शर्टातून जाणवत होता. मग ती चुलीशी परत गेली.

तो चालला. श्रीरंगकाका कसे चालायचे ते आठवून, मान ताठ करून, चुलीपासून मोरीपर्यंत. चौथ्या पावलाला त्याने स्वतःच्याच घोळावर पाय दिला, मुकुट एका कानावर आला आणि गुडघा कोळशाच्या बादलीवर आदळला. बादली आडवी झाली. तरी तो थांबला नाही, कारण थांबलं तर अटक होईल असं त्याला वाटत होतं. एका पायाने काळे ठसे उठवत राणी मोरीपाशी पोहोचली आणि वळली.

लोख्नर हसायला लागला. आधी नाकातून, मग टेबलावर हात आपटत. "हो, हो, पुरे. फाशिंगच्या सोंगांना या गावात, माझ्या बायकोला दाखवायला हवं हे."

"हा तो नव्हे," हेर त्सांगल उठून उभे राहिले. "ती... जी होती, ती चालली तेव्हा... तिने मान अशी वळवली, अगदी सावकाश. अख्खं चर्च वाट बघत असल्यासारखी. हातसुद्धा कसा..." त्यांचा स्वतःचा हात हवेत उचलला गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

लोख्नरचं हसू ओसरलं. "फार नीट पाहिलंत तुम्ही. किती वेळ बघत होतात?"

"थोडा वेळ."

"प्रार्थनेच्या वेळी?"

हेर त्सांगल खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते आणि ओठ हलत होते. आत्मारामने ती भीती लगेच ओळखली, घरच्या माणसासारखी. तिने त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लोख्नरने टोपी उचलली आणि भिंतीकडे वळला. "तुम्हाला हसू आलं नाही वाटतं, हेर मागबानवा?"

क्रिसान्तोने आत्मारामकडे पाहिलं, घसरलेल्या मुकुटाकडे, काळ्या झालेल्या काठाकडे. मग तो हसला. चांगलं मोठ्याने, खांदे हलवून. अशा वेळी किती हसायचं असतं, ते त्याला नेमकं माहीत होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," लोख्नर समाधानाने म्हणाला आणि निघून गेला. हेर त्सांगल त्याच्या मागोमाग गेले, कोणाचा निरोप न घेता.

मालकिणीने बादली उभी केली. "रविवारी नेहमीच्या वेळी निघू, हेर मागबानवा," ती म्हणाली. 'आमचा क्रिसान्तो' तिने म्हटलं नाही. "आणि वर जाड पडदा लावायला हवा. मी बघते."

वर खोलीत क्रिसान्तो आत्मारामच्या पाठीच्या टाचण्या काढू लागला. दोनदा टाचणी टोचली.

"मुद्दाम वाईट चाललास?" क्रिसान्तोने विचारलं.

आत्मारामने विचार केला. हो म्हणणं सोपं होतं, आणि शोभलंही असतं.

"नाही रे. मी अगदी जीव ओतून चाललो."

मागे आणखी एक टाचणी निघाली. मग क्रिसान्तो म्हणाला, "म्हणून सुटलो. मी तुझ्यासारखा चालत असतो, तर हिंडलो असतो म्युनिकभर. वाईट जमलं की गंमत. चांगलं जमलं की चौकशी."

"काठ मी धुऊन देतो."

"तू हात लावू नकोस. कोळशाला मिठाचं पाणी लागतं."

जिन्यावर मालकिणीच्या सपाता वाजल्या. सपाता सावकाश वर आल्या आणि दाराशी थांबल्या. दारावर टकटक झाली. आत्मारामच्या अंगावर अजून अर्धी राणी होती. क्रिसान्तोची बोटं पाठीवरच्या टाचणीवर थांबली, आणि मग पुढची टाचणी शोधू लागली.

आत्मारामने कानावर आलेला मुकुट नीट केला.

"आत या," तो म्हणाला.