जिथे अमावास्या होत नाही

माझे यजमान ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "समोर बघा, समोर! दुकानं नंतर बघा!" म्हणून ओरडायचं, हा त्यांचा धंदा. आणि हाच माणूस घरी आला की टीव्हीपुढे बसून, हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर धरून, जगातली सगळी दुकानं बघत फिरतो.

खेळ खरं तर आमच्या लेकीचा. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, खेळ मागे राहिला आणि यांनी तो दत्तक घेतला. गोष्ट अशी, की काळ्या राजाने राजकन्येला मनोऱ्यात कोंडलंय आणि येत्या अमावास्येला तो सगळं राज्य गिळणार आहे. एका सरदाराने जाऊन त्याला मारायचं. सरदार म्हणजे हे. पण सरदार मनोऱ्याकडे फिरकेल तर शपथ! तो रानात अळंबी गोळा करतो, नदीवर मासे धरतो, कुणा विधवेची हरवलेली शेळी शोधून देतो. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो दिसत नाही, तिकडच्या विधवेची शेळी बरी दिसते, असं मी शिलाई मशीनवरून ऐकवायचे. हे नुसते हसायचे.

"अहो, पण त्या अमावास्येचं काय?" मी एकदा विचारलं.

"ती येतच नाही. आपण मनोऱ्याकडे गेल्याशिवाय होत नाही अमावास्या. हवं तेवढं फिर, सगळे थांबून राहतात."

हे त्यांनी सांगितलं ते घोगऱ्या आवाजात. आवाज कधीचाच बसला होता. शिकणारे लोक ओरडायला लावतात, म्हणून बसला, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. गुळण्या झाल्या, गोळ्या चघळून झाल्या. मग जेवताना घास अडकायला लागला. आणि एका सकाळी हे दाढी करताना मान वर करून उभे होते, तेव्हा जबड्याखाली मला गाठ दिसली.

"डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"दाखवू."

"कधी?"

"दाखवू गं. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?"

मी भांडले, रडले, अबोला धरला, जेवणाचं ताट पुढ्यात आदळलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी लेकीने फोनवरून धारेवर धरलं, तेव्हा हे म्हणाले, "हा खेळ एवढा संपू दे. संपला की दुसऱ्या दिवशी जातो. शब्द." मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. मी तर त्या दिवशी कौतुकाने म्हटलं, बसा, खेळा, आज भाजी मी आणते.

आठवडे गेले. सरदाराने घर बांधलं. सरदाराने मधमाश्या पाळल्या. गाठ दिसू नये म्हणून हे कॉलरचं बटण लावायला लागले. मी लेकीला विचारलं, अगं, संपत कसा नाही हा खेळ? ती म्हणाली, "आई, मुख्य कामगिरीवर गेलंच नाही ना, तर हा खेळ कधीच संपत नाही."

म्हणजे शब्द देतानाच या माणसाला ते माहीत होतं. मला असा संताप आला, की हातातली कात्री कापडावर नको तिथे चालली आणि कुणाची तरी नवी कोरी पँट गुडघ्यात फाटली.

मग मीच जायचं ठरवलं. दुपारी हे कामावर असायचे, तेव्हा मशीनवर झाकण घालायचं, फोन स्पीकरवर टाकायचा आणि लेक सांगेल तसं चालायचं. पहिल्या दिवशी सरदार तीनदा नदीत बुडाला आणि बाकीचा वेळ आकाशाकडे बघत उभा राहिला. पण मनोऱ्याकडे जाणारी एक सोनेरी रेघ जमिनीवर दिसते, ती मी सोडली नाही. वाटेत गुहेत दिवे दिसायचे, मी आत डोकावले नाही. एका म्हाताऱ्याचा गाडा चिखलात रुतला होता, तो हाका मारत होता. मी त्याच्या अंगावरून गेले. माझ्या माणसाच्या मानेत गाठ होती, मला त्याच्या गाड्याशी काय करायचं होतं? मार लागला की सरदाराच्या पिशवीतली अळंबी त्याला खायला घालायची, की तो पुन्हा उभा. संध्याकाळी लेकीने शिकवल्याप्रमाणे नकाशावर खूण करून त्याला नदीकाठी नेऊन सोडायचं, म्हणजे यांना पत्ता लागायला नको.

शेवटचा दरवाजा उघडला त्या दुपारी माझे तळहात घामाने निसरडे झाले होते. काळा राजा सिंहासनावरून उठला तो छतापर्यंत गेला. मी डोळे मिटून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. उघडून बघते, तर राजा आडवा.

"एवढंच?" मी ओरडले.

"आई, बाबांनी सगळीकडे फिरून फिरून सरदाराला इतका दणकट करून ठेवलाय, की त्याच्यापुढे कोण टिकणार?" लेक म्हणाली. "ते कधीही जाऊ शकले असते गं." आणि फोनवरच ती रडायला लागली.

हे आले तेव्हा पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकत होती. मी कंबर कसून उभी होते, भांडायच्या तयारीत. हे बूट न काढताच बसले. नावं संपेपर्यंत बघत राहिले.

"आता परत तिकडे जाता येत नाही," हे म्हणाले. "पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

"येत नसू दे."

"मला माहीत होतं तू खेळतेस ते. रोज अळंबी कमी व्हायची."

"मग अडवलं का नाही?"

"मला एकट्याला जमत नव्हतं," हे म्हणाले. "मला फार भीती वाटते गं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस असं कधी बोलला नव्हता. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हटलं, "अहो, दोन घावांत पडला तो. दोन घावांत! आपण उगाच घाबरत होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. यांनी शब्द पाळला. डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला, गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. "डॉक्टर, दोन घावांत पडेल ना?" हे विचारायला लागले. डॉक्टरांना काही कळलं नाही. मी मात्र हसले, जरा जास्तच मोठ्याने. निघताना डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी रिपोर्ट येईल. दोघंही या."

दोघंही या. घरी येईपर्यंत मी त्या दोन शब्दांशीच बोलत होते. चांगली बातमी सांगायला कुणी दोघांना बोलावतं का?

शुक्रवारी दवाखान्यातल्या बाकावर आम्ही बसलो होतो. समोरच्या भिंतीवर घशाचं चित्र, आतून कापून दाखवलेलं. आमच्या आधीची बाई बाहेर आली, ती कुणाकडे न बघता सरळ जिन्याकडे गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, चला आत. मावशी, तुम्हीसुद्धा."

हे उठले. मी त्यांची बाही धरली.

"अहो, आज नको."

"काय?"

"पुढच्या आठवड्यात येऊ. आज बाजारात जाऊ, तुम्हाला शर्ट घ्यायचाय. नाहीतर लेकीकडे जाऊ चार दिवस. ती कधीची बोलावतेय. गाडीने जाऊ, वाटेत वाटेल तिथे थांबत जाऊ."

"तूच आणलंस ना मला?" त्यांचा आवाज आता नुसती हवा झाला होता.

"चुकलं माझं. मी हात जोडते, चला. अजून त्यांनी काही सांगितलेलं नाही. सांगेपर्यंत काही झालेलं नसतं."

मला लाज वाटली नाही. लोक बघत होते, बघू देत. हे पुन्हा बाकावर टेकले, आणि क्षणभर मला वाटलं, जिंकले मी. काउंटरवरच्या मुलीने पुन्हा हाक मारली. यांनी माझी बोटं बाहीवरून एकेक करून सोडवली आणि पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

"तू बस," हे म्हणाले. "मी ऐकतो. झेपेल तेव्हा तुला सांगीन."

हे आत गेले. दार लागलं. दार पातळ होतं, आतली खुर्ची सरकलेली मला ऐकू आली. मी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले.