दोष कुणाकडचा

समीक्षाच्या दंडावर निळे डाग उमटले, तेव्हा सासूला, प्रयागबाईला वाटलं, हंडा लागला असेल. पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. मग नवरा ओंकार एमआयडीसीतली पाळी बुडवून तिला महाडला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि खुर्ची पुढे ओढून दोघांशी बोलल्या.

"रक्ताचा कॅन्सर आहे. पण धीर सोडू नका. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी जन्मतात, वाढतात, तयार झाल्या की कामाला लागतात. या प्रकारात दोन जनुकं तुटून भलतीकडेच जुळतात. मग पेशी तयारच होत नाहीत, नुसती कोवळ्यांची गर्दी होते. त्यांना मोठं करणारं औषध आहे, बहुतेक जण बरे होतात. पण त्याआधी आत कुठे रक्त फुटता कामा नये. औषध इथे नाही. मी मुंबईला फोन करते, तुम्ही आजच निघा."

कपडे घ्यायला म्हणून दोघं आधी घरी आली, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आणि तिथेच घात झाला. ओंकारने आईला समजावलं, "आये, भात दुधावरच राह्यला तर कसा, तसं हाय. दाणा भरतच नाय." प्रयागबाईला तेवढ्यात सगळं कळलं, ती पिशवी भरायला उठली. पण ओंकारने सांगितलेल्या डॉक्टरीणबाईंच्या एका शब्दाला त्याचा बाप भागोजी अडला. जनुक म्हणजे काय रे? त्याने मुंबईच्या पुतण्याला, राजेंद्रला, फोन लावला. मुंबईचा पुतण्या म्हणजे आमच्याकडे सर्वज्ञ. तो कामाच्या गडबडीत म्हणाला, "जीन्स, काका. आईबापाकडून येतात ते. खानदानी मॅटर."

भागोजी ओटीवर येऊन बसला. "खाण तशी माती. वरंधवाल्यांनी रोग लपवून पोरगी दिली. आधी बैठक बशेल, मंग काय ते."

बांध सरकला, सोयरीक बिनसली, की आमच्याकडे दोन्हीकडची माणसं मांडी घालून बसतात आणि निकाल लागेपर्यंत उठत नाहीत. रीत चांगली आहे, तिने कित्येक घरं सांधली आहेत. पण रोग काही बैठकीचा मान राखत नाही, हे त्या दिवशी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मला अजून त्याचा संताप येतो.

वरंधहून समीक्षाचा बाप धोंडू दोन भाऊबंद घेऊन आला. पोरीला बघायला आत जायचं सोडून तो ओटीवरच तापला. "पाव्हणं, आमच्या कुळात कुणाला साधं पडसं नाय! माझी आजी नव्वदीत गवताचा भारा आणत व्हती."

"मंग ह्ये आलं कुठनं?"

"तुमच्या पाण्यातनं आलं आसंल! पोरगी दिली तवा निरोगी व्हती."

पिढ्या उकरल्या गेल्या. कुणाची चुलती खंगून मेली, कुणाचा मामा रक्त ओकला, सगळं निघालं. ओंकार दोनदा उठला. "आबा, गाडी चुकंल." भागोजीने त्याला हाताने खाली बसवलं. "निकाल लागू दे रे. उद्या लोक आपल्याच कुळाला नाव ठेवतील."

आत समीक्षा पाहुण्यांसाठी चहा ठेवत होती. प्रयागबाईने तिच्या हातातली सांडशी काढून घेतली. "बस गो बाय खाली." आणि डोक्यावरचा पदर सारखा करत ती ओटीच्या दारात आली. "पोरीला आधी न्या. भांडान मागनं करा."

"बायकांनी मधी बोलू नये," कुणीतरी म्हणालं. समीक्षाने ओठाला टॉवेल धरून आतूनच विचारलं, "आई, गाडी कवा हाय?"

दिवस मावळता मावळता निकाल लागला. दोष वरंधकडचा ठरला, पण तो लपवला नव्हता हेही ठरलं, आणि सकाळी भागोजी, धोंडू दोघांनीही पोरीबरोबर जावं असं ठरलं. कुणाचीच मान खाली गेली नाही. सगळ्यांनी चहा घेतला.

सकाळी वीर स्टेशनला जाताना रिक्षात समीक्षा म्हणाली, डोकं लय दुखतंय. गाडीत तिची जीभ जड झाली. मुंबईच्या इस्पितळात पोचली तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. रक्त मेंदूत फुटलं होतं. दुपारी ती गेली.

डॉक्टर बाहेर आले. ओंकार भिंतीला टेकून खाली बसला होता, त्याने मान वर केली नाही. धोंडूने हात जोडले. रडता रडताही त्याने तेच विचारलं, "सायेब, दोष कुणाकडचा?"

"कुणाकडचाच नाही. हे आईबापाकडून येत नाही. तिच्याच एका पेशीत, अलीकडे कधीतरी झालं. कुणालाही होऊ शकतं. महाडहून काल फोन आला होता. आम्ही औषध काढून ठेवून वाट बघत होतो. काल का नाही आणलंत?"

धोंडूने भागोजीकडे बघितलं. भागोजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काल," तो म्हणाला, "बैठक व्हती."