मोनिकाची निवड

फ्लेक्स लावणाऱ्या विक्कीने खांबावरून दोरी सोडली आणि चऱ्होलीच्या चौकात मोनिकाचा चेहरा उलगडत खाली आला. रंभाने स्कूटर कडेला घेतली. मागे बसलेली तिची लेक, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली, आ वासून स्वतःकडेच बघत राहिली. फोटो मामाच्या लग्नातला होता, नाकात नथ घातलेला. खाली लिहिलं होतं, ताथवडे येथील नामांकित फुटबॉल अकॅडमीत निवड झाल्याबद्दल कु. मोनिका हिचे हार्दिक अभिनंदन. आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून घराण्यातले झाडून सगळे पुरुष, गॉगल लावून. ज्या चुलत्याला चेंडू गोल असतो एवढंच ठाऊक, त्याचा फोटो पोरीच्या फोटोहून मोठा होता.

“आई, मी कुठं हो म्हणाले होते?” मोनिकाने विचारलं.

हो तर रंभानेही म्हटलं नव्हतं. सबंध उन्हाळा ती मुलीसाठी क्लब बघत हिंडली होती. जावा हसायच्या, पोरीला स्थळ बघावं तशी ही क्लब बघते म्हणायच्या. रंभा त्यांना सुनवायची की स्थळ बघताना एवढी चौकशी केली असती तर आपण सगळ्याच आज कुठल्या कुठे असतो. शिकवतं कोण, पोरींना मॅच खेळायला मिळते की नुसत्या बाकावर बसवतात, हरल्यावर कोच अंगावर ओरडतो का, दुखापत झाली तर कोण बघतं, सगळं तिने विचारून घेतलं होतं. शेवटी दोनच जागा उरल्या होत्या. एक मोशीचा क्लब, जिथे मोनिका आधीपासून खेळत होती, आणि दुसरी ही ताथवड्याची अकॅडमी.

मोशीचा क्लब म्हणजे एक मोकळं मैदान, त्यात माती कमी आणि खडी जास्त. तिथे शिकवणारी दीपमाला परभणीकडची, एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, आता चाकणच्या एका कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी ती स्वतः मैदानावर उभी राहायची. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात शिट्टी मोठ्या पोरींपैकी एकीच्या गळ्यात जायची आणि त्या पोरीच सगळ्यांची प्रॅक्टिस घ्यायच्या. अलीकडे ती शिट्टी मोनिकाकडे असायची. उलट ताथवड्याला हिरवंगार टर्फ, मोठाले दिवे, फिजिओ, आणि राज्याच्या संघापर्यंत पोचलेल्या मुली. खरं सांगायचं तर रंभाचं मन ताथवड्याकडेच झुकलं होतं.

तिथल्या ट्रायलला मोनिकाला तिनेच नेलं होतं, सोबत करिष्मालाही. करिष्मा मोनिकाची जिवाभावाची मैत्रीण. तिचे वडील नवनाथ दीपमालाच्याच कंपनीत होते आणि त्यांना त्या दिवशी सुटी मिळाली नव्हती. दोघी मुली बचावफळीत खेळायच्या. निवडीचा फोन मोनिकाला आला, करिष्माला आला नाही. तेव्हापासून मोनिका गप्प होती.

“करिष्मा माझ्यापेक्षा भारी खेळते,” एवढंच ती म्हणायची. रंभाला वाटायचं, पोर मनाने मोठी आहे.

घरी आल्या आल्या रंभाने नवऱ्याला धारेवर धरलं. पिंटूचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण जमिनीच्या व्यवहारात पडल्यापासून सगळी पंचक्रोशी त्याला पिंटूशेठ म्हणायची, आणि तोही आता त्याच नावाला ओ द्यायचा. त्याने सगळं हसण्यावारी नेलं. बातमी गावभर झाली, आता माघार घेणं म्हणजे घराण्याचं नाक कापून घेणं, असं त्याचं म्हणणं. शिवाय आपली पोर खडीवर किती दिवस गुडघे फोडून घेणार?

“नाक तुमचं, गुडघे तिचे,” रंभा म्हणाली. “ठरवायचं आमी दोघींनी.”

सासरे सोपानराव पडवीत बसून हे ऐकत होते. तरुणपणी त्यांनी आखाडे गाजवले होते आणि जगातल्या सगळ्या खेळांना ते तालमीचेच नियम लावायचे. त्यांनी एकच गोष्ट विचारली. मोशीच्या बाईला विचारलंत का? पहिल्या वस्तादाची परवानगी न घेता दुसऱ्या तालमीत गेलेल्या पैलवानाला त्यांच्या काळी कुणी दारात उभं करत नसे. पिंटू म्हणाला, फुटबॉलमध्ये तसं काही नसतं. सोपानराव म्हणाले, त्यांच्यात नसंल, आपल्यात हाय.

हे मात्र रंभाला पटलं. दुसऱ्याच दिवशी पेढ्यांचा पुडा आणि नारळ घेऊन ती मोशीला गेली. दीपमाला कंपनीच्या युनिफॉर्मवरच गोलाची जाळी बांधत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

“ताई, राग मानू नका,” ती म्हणाली. “मी तिला ती एवढुशी होती तवापासून बघायले. पोरगी जिद्दीची हाय. पण उंच बॉल आला की अजून डोळे मिटते. वर्षभरानं मीच तिला तिथं घेऊन गेले असते. यंदा करिष्माला सोडून त्यांनी हिला कामून घेतलं, ते मला काही उमगंना.”

रंभाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुम्हाला सेकंड शिफ्टला शिट्टी सांभाळायला फुकटची पोर हवी म्हणून तिला खाली ओढताय, असं ती फटकन बोलून गेली. बोलल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकवेना. दीपमालाने उरलेली गाठ मारली, माझी परवानगी आहे म्हणाली, आणि पोरींना पळायला लावलं. त्या पळणाऱ्या पोरींत करिष्मा सगळ्यांत पुढे होती. रंभाने तिच्याकडे नीट बघितलं नाही, मुद्दामच.

रविवारी सगळे गाडीत बसून ताथवड्याला गेले. सोपानरावांनी सोबत फेटा आणि नारळ घेतला होता. नव्या वस्तादाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. अकॅडमीच्या ऑफिसला मैदानाच्या बाजूने काचेची भिंत होती. काचेपलीकडे पोरी खेळत होत्या आणि जाळीच्या कडेला आया पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसल्या होत्या. मालकांनी सगळ्यांचं स्वागत केलं, चहा मागवला, मोनिकाला अकॅडमीची नवी जर्सी दिली. मुख्य कोच समर्थ सर बाजूला उभे होते. तरुण माणूस, पण रंभाशी बोलताना नजर सारखी मैदानाकडे. सोपानरावांनी त्यांना फेटा बांधायला घेतला तेव्हा ते अवघडून म्हणाले, नंतर बांधू, बाबा.

“दोन्ही कामं एकदमच उरकून घेऊ,” मालक म्हणाले आणि काही कागद रंभापुढे सरकवून त्यांनी पेन दिलं.

“दुसरं कुठलं काम?” रंभाने विचारलं.

पिंटू घाईघाईने म्हणाला की घरी गेल्यावर सांगतो, तू सही कर. पण मालकांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं. त्यांनी उत्साहाने सांगितलं की अकॅडमीची शाखा आता चऱ्होलीत निघणार, आणि मैदान होणार तुमच्या नदीकडच्या रानात, भाडेकरारावर.

नदीकडचं रान रंभाच्या नावावर होतं. भावकीच्या वाटण्या झाल्या तेव्हा पिंटूनेच ते तिच्या नावावर केलं होतं. धंद्यात उद्या काही वाकडं झालं तर तेवढं तरी शाबूत राहावं म्हणून. गावात निम्म्या बायका अशाच जमीनदार होत्या. नवऱ्याने बोट ठेवलं तिथे सही करायची, एवढाच त्यांचा कारभार. आजही पिंटूचं बोट कागदावर टेकलेलं होतं.

रंभाने पेन उचललं. मग ते तसंच हातात धरून ती समर्थ सरांकडे वळली.

“सर, हे रान नसतं, तर माझ्या पोरीला घेतलं असतं का?”

“मुलगी चांगली आहे, ताई.”

“ते मला ठाऊक हाय. मी ते न्हाई विचारलं.”

समर्थ सरांनी मालकांकडे बघितलं. मालक चहात साखर ढवळत होते, साखर कधीचीच विरघळली होती तरी.

“यंदा नसतं घेतलं,” सर हळूच म्हणाले. “अजून वर्षभर तयारी हवी होती.”

मग पिंटू बोलला, आणि त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट समजावणीचा होता. ओळखीशिवाय या दुनियेत काय होतं, कॉलेजात जागा, नोकरी, दवाखान्यात खाट, सगळं असंच मिळतं. आपल्याजवळ जे आहे ते पोरीसाठी वापरलं तर त्यात चोरी कसली? एकदा आत गेली की खेळायचं तिलाच आहे, धावायचं तिलाच आहे. रंभाला ते खोटं वाटलं नाही. काचेपलीकडचं ते हिरवं मैदान तिला दिसत होतं, आणि पेन हातात होतं. मनात असंही येऊन गेलं की दारातून कशी शिरली हे वर्षभराने कुणाच्या लक्षात राहणार आहे?

“सर,” मोनिकाने विचारलं, “करिष्माला घेतलं होतं का? माझ्या आधी?”

समर्थ सरांनी मान खाली घातली. पोरीला हो समजायला तेवढं पुरलं.

मोनिका आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. रंभाने इतकी वर्षं जो चेहरा फक्त मॅचमध्ये, समोरून कुणी चेंडू घेऊन अंगावर येताना बघितला होता, तो होता. रंभाने पेन टेबलावर ठेवलं. मग पुन्हा उचलून ते मालकांच्या बाजूला ठेवलं.

“सही न्हाई करत मी,” ती म्हणाली. “माझी पोर येणार न्हाई. आणि त्या पोरीला आजच्या आज फोन करा.”

मालक हसले. ताई, तुम्ही जागा देत नाही आणि वर आम्हाला आमच्या टीमचं शिकवता, असं काहीसं म्हणाले. त्यांचं तसं बरोबरच होतं. रंभा एरवी अशा ऑफिसात खुर्चीच्या टोकाला बसणारी बाई. पण एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. ती उठून काचेपाशी गेली.

“मग मी बाहेर जाऊन त्या आयांत बसते,” ती म्हणाली. “आमच्या पोरीला रानाच्या बदल्यात घेतलं, एवढंच सांगते. बाकीचं त्या बघून घेतील. हरेकीला वाटंल, आपल्या पोरीची जागा कुणाच्या रानात गेली.”

पिंटू तिचं नाव घेऊन उठला. सोपानरावांनी त्याच्या मनगटाला नुसता हात लावला. म्हाताऱ्याच्या पकडीत अजून दम होता, पिंटू खाली बसला. मग सोपानरावांनी टेबलावरचा नारळ उचलून पिशवीत घातला, फेट्याची घडी त्यावर ठेवली.

“नुरा कुस्तीचा नारळ फोडत न्हाईत,” ते म्हणाले. “आधीच ठरवून खेळतात ती कुस्तीच न्हवं.”

समर्थ सरांनी मालकांना काही विचारलं नाही. खिशातून मोबाइल काढला, नंबर शोधला आणि काचेच्या दारातून बाहेर जाता जाता त्यांचं बोलणं सगळ्यांच्या कानावर आलं, हॅलो, करिष्माचे वडील का? मालकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हाक मारून त्यांना थांबवलं नाही. बाहेर आया बसल्याच होत्या.

मोनिकाने जर्सीची घडी खुर्चीवर ठेवली. पिंटू गाडीत जाऊन इंजिन सुरू करून बसला. सोपानराव मागच्या सीटवर बसले. रंभा आणि मोनिका मात्र गाडीत बसल्याच नाहीत. आम्ही बसने येतो म्हणाल्या. पिंटूने एकदा हॉर्न वाजवला, थोडा थांबला आणि गाडी काढली. घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते रंभाला दिसत होतं. चार दिवस अबोला, मग जावांचे टोमणे, मग त्याच कागदांचं पुन्हा येणं. येऊ देत, तिने मनात म्हटलं. आणि दीपमालाकडे जायचं होतं, ते सगळ्यांत अवघड.

बसस्टॉपवर दोघी उन्हात उभ्या राहिल्या. मोनिका बराच वेळ रस्त्याकडे बघत होती.

“आई, आता करिष्मा मोशीला यायची नाही ना?”

“न्हाई.”

“मॅच लागली तर ती त्यांच्याकडून खेळणार. आमच्या विरुद्ध.”

“व्हय.”

मोनिकाने यावर विचार केला.

“हरवू की मग तिला,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. रंभाने तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. बस येईपर्यंत तिच्या शेजारी नुसती उभी राहिली.