चालू आहे तोवर

संबोधीने ऑफिसातल्या लिनक्स कॉम्प्युटरची, सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मुख्य लायब्ररी अपडेट केली आणि सगळंच बोंबललं. एकही प्रोग्रॅम चालेना. आधीपासून उघडं असलेलं एक टर्मिनल, कमांड टाइप करायची खिडकी, तेवढं जिवंत होतं.

"तुटलं मेलं!" ती ओरडली.

कापड मिल बंद पडल्यापासून घरीच असलेले बाबा डबा द्यायला स्नेहलतागंजातल्या तिच्या ऑफिसात आले होते. त्यांचा हात थेट स्विचवर गेला. धागा तुटला की आधी लूम बंद, ही उभ्या जन्माची सवय.

"बाबा, नका! एकदा बंद झालं तर परत उठणार नाही. चालू आहे तोवरच सुधारता येतं."

त्याच टर्मिनलमधून तिने जुनी लायब्ररी पुन्हा जोडली. प्रोग्रॅम धावायला लागले.

बाबांनी आत्ता कुठे हात खाली घेतला.

"मिलच्या गेटवर आम्हीपण साहेब लोकांना हेच सांगत होतो, बेटा."