अर्ध्या मोटारीचं गाऱ्हाणं

दाजी परुळेकर तीस वर्षं आगबोटींच्या इंजिनखोलीत तेल घालत जग हिंडले आणि निवृत्त होऊन मालवणजवळच्या आपल्या गावी परतले. लोकांना वाटलं, आता हा माणूस चार माड लावील, देवळाच्या पायरीवर बसून गजाली मारील आणि सुखाने म्हातारा होईल. दाजींनी केलं भलतंच. गोव्यातून पोर्तुगीज गेल्यावर म्हापशाच्या एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, आपली जुनी विलायती गाडी विकायला काढली, ती त्यांनी घेतली. लांबलचक नाक, उघडं डोकं, सायकलीसारखी तारांची चाकं, आणि बसायला माणसं फक्त दोन. हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर शिपाई म्हणाला, मागचं सामान दाखवा. तर गाडीला मागचं असं काही नव्हतंच. गावाने तिचं नाव 'अर्धी मोटार' ठेवलं. दाजी रोज सकाळी तिला पुसायचे, आणि त्यांची बायको सुभद्रा शेजारणींना सांगायची की लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतक्या मायेने माझी कधी विचारपूस झाली नाही.

गाडीत खोट एकच होती. डावं दार वळणावर आपोआप उघडायचं. एकदा सुकळवाडच्या वळणावर ते उघडलं, सुभद्रेच्या मांडीवरची बांगडे भरलेली मासळीची टोपली रस्त्यात सांडली आणि टोपलीमागून सुभद्रा जाता जाता राहिली. त्या दिवसापासून तिने गाडीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. दाजींनी मुकाट्याने गाडी कसालला नेली, गुणाजी मेस्त्रीच्या गॅरेजात.

गुणाजी लढाईच्या काळात, बस कोळशाच्या गॅसवर धावायच्या तेव्हा, क्लीनर होता. शाळा चौथीपर्यंत. पण फोंडाघाटाकडे चढणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर ब्रेक लावून घ्यायला त्याच्याशिवाय कोणाकडे जात नसत. त्याची एक रीत होती. गाडीतून जो भाग काढला, तो पुसून मालकाच्या हातात द्यायचा. हा तुझा जुना, तो नवा, आता तूच बघ. या एका रीतीवर त्याचं गॅरेज चालत होतं. पाटीसुद्धा लावलेली नव्हती.

दाजी आठ दिवसांनी गाडी न्यायला गेले. दार झकास बसत होतं. पण आतलं चामडं अजून लावायचं राहिलं होतं, आणि पत्र्याच्या मागे पिवळंधमक लाकूड दिसत होतं.

"ह्या काय रे, गुणाजी?"

"फणसाचा लाकूड. मालवणच्या होडी बांधणाऱ्या सुताराकडसून करून घेतलंय. जुना वाळवीन खाल्ल्यान होता."

"जुना लाकूड? गाडीत लाकूड खंयसून इला?"

"आतलो सांगाडो लाकडाचोच आसा, दाजीनू. पत्रो वरसून मारलेलो."

दाजींना हसू आलं, मग राग आला. तीस वर्षं ज्याने लोखंडाच्या पोटात काढली त्याला हा चौथी शिकलेला माणूस सांगतो की विलायतेतल्या मोटारी लाकडाच्या असतात!

"माका शिकवतंस? लोखंडाचा काढलंस आणि लाकूड घातलंस. जुना आसा खंय? दाखय."

गुणाजी म्हणाला, "जाळलंय. वाळवी भरलेली. छपराक लागली असती."

उभ्या आयुष्यात एकदाच त्याने रीत मोडली, आणि ती नेमकी दाजींच्या गाडीवर. दाजी पैसे टाकून, गाडी घेऊन निघाले. शेजारच्या चहावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते एकच शब्द बोलले, "चोर."

दुसऱ्या दिवशी ते रवळनाथाच्या देवळात गेले. कोर्टकचेरी कुडाळला नाही तर रत्नागिरीला, आणि तिचा निकाल नातवंडांना मिळणार. देवाचा दरबार गावातच. बाबली घाडी हा देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मानकरी. त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकराच्या गाडीतला लोखंड ज्या कोणी काढल्यान आसात, त्येच्या हाताक तू बघून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेली माणसं म्हणाली.

गाऱ्हाणं घालणं सोपं असतं. घालताना माणसाला फक्त आपलीच बाजू दिसते, आणि देव मध्ये बोलत नाही.

बाराव्या दिवशी बातमी आली. एका तापलेल्या ट्रकच्या रेडिएटरचं झाकण काढताना कढत पाणी उसळलं आणि गुणाजीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कसालपासून मालवणपर्यंत सगळ्यांना लगेच कळलं की देवाने ऐकलं. दाजींना आधी गार वाटलं. सांगायला लाज वाटावी, पण वाटलं खरं. देवळाच्या पायरीवर चार जणांनी त्यांना जागा करून दिली आणि दाजी तिथे जरा ताठच बसले.

मग दुसरी बातमी आली. ट्रकवाले गुणाजीकडे थांबेनासे झाले होते. एक ड्रायव्हर म्हणाला होता म्हणे, ज्याच्या हातावर देव कोपला त्याच्या हातात माझे ब्रेक कशाला देऊ? घाटात माझा जीव त्या ब्रेकवर असतो. गुणाजी भाजलेला हात केळीच्या पानात गुंडाळून रिकाम्या गॅरेजात बसून असतो, आणि त्याची बायको नर्मदा दुसऱ्यांची भातं कांडायला जाते. हे ऐकल्यावर दाजींना पायरीवर बसवेना.

त्या दुपारी जेवताना सुभद्रेने विचारलं, "लोखंड किती होता?"

"म्हंजे?"

"देवाक सांगलास ना, लोखंड काढल्यान म्हणून? मग किती काढल्यान? शेर? मण? चोरी सांगूची तर मापान सांगूची."

प्रश्न बिनतोड होता. दाजी म्हणाले, उजवं दार गुणाजीने उघडलेलंच नाही; त्यात किती लोखंड आहे ते बघू, तेवढंच डाव्या दारातलं. बघतेस काय, सगळं वजनासकट सांगतो. जेवणाचा हात धुतला आणि ते पेचकस घेऊन अंगणात गेले. सुभद्रा दारात उभी राहिली.

चामड्याचे सोळा स्क्रू निघाले. चामडं बाजूला झालं. आत लाकूड होतं.

जुनं, तपकिरी, परक्या झाडाचं लाकूड. कोण्या विलायती सुताराने त्यावर पेन्सिलीने आकडा टाकलेला, तो अजून पुसला नव्हता. दाजींनी डावं दार उघडून ताडून पाहिलं. वरचा बाक, खालची खाच, बिजागरीपाशी ठेवलेली जाडी, सगळं तसंच. मालवणच्या सुताराने केसाचाही फरक केला नव्हता. लोखंड म्हणाल तर दोन बिजागऱ्या आणि कडी, आणि ती दोन्ही दारांत जागच्या जागी होती.

दाजींनी हातातला पेचकस खाली ठेवला. एका प्रामाणिक माणसाला आपण चोर म्हटलं, आणि तेही देवाला साक्षी ठेवून.

"आता?" सुभद्रेने विचारलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बाबली घाडीने सगळं ऐकून डोकं खाजवलं. गाऱ्हाणं सोडवता येतं, तो म्हणाला, पण एकट्याने नाही. ज्याच्यावर घातलं त्याने शेजारी उभं राहून नारळाला हात लावला पाहिजे.

दाजी कसालला गेले. गुणाजी बाकावर बसला होता. दाजींनी उजव्या दारात काय दिसलं ते सांगितलं, एक शब्द न लपवता, आणि म्हणाले, "चूक माझी. माका माफ कर. देवळात चल, गाऱ्हाणा सोडवया."

गुणाजीने भाजलेला हात पुढे केला.

"देवान तुमचा ऐकल्यान नाय, दाजीनू. घाईत झाकण मीच काढलंय, म्हणान भाजलंय. ऐकल्यानी लोकांनी. देवाकडचा नारळ ठेवून सोडवतलास. लोकांकडचा कसा सोडवतलास?"

दाजी घरी आले, रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले, आणि सकाळी गाडीच्या दोन्ही दारांची चामडी परत न लावता पडवीत ठेवून दिली.

मग ते गाडी घेऊन आठवडी बाजारांना जाऊ लागले. कसालचा बाजार, मालवणचा बाजार, घाटाखालच्या फोंड्याचा बाजार. गाडी मध्यावर उभी करायची आणि दोन्ही दारं उघडी टाकायची. अर्धी मोटार बघायला गर्दी व्हायचीच. "ह्या विलायतेच्या सुताराचा," दाजी सांगायचे, "आणि ह्या गुणाजीन करून घेतलेला. सारखाच आसा काय नाय बघा. मी त्येका चोर म्हटलंय. मी दाजी परुळेकर. चूक माझी." सुभद्रा शेजारी बसून असायची. डावं दार आता वळणावर हलतही नव्हतं.

फोंड्याला ट्रकवाल्यांनी त्यांची भरपूर थट्टा केली. एकाने विचारलं, "तीस वर्षं इंजिनात होतात ना? मग एवढंही कळलं नाही?"

"नाय कळला," दाजी म्हणाले. हे म्हणायला त्यांना सगळ्यात जड गेलं. तो ड्रायव्हर मात्र हसायचा थांबला. त्याने खाली वाकून दोन्ही लाकडांवरून बोट फिरवलं, मालवणच्या सुताराचा सांधा निरखला आणि आपल्या ट्रककडे गेला.

दीड महिना असा गेला. एका दुपारी दाजी एकटेच कसालवरून परतत होते. गुणाजीच्या दारात दोन ट्रक उभे होते. गुणाजी रस्त्यात आला आणि डावा हात वर करून त्याने गाडी थांबवली. उजव्या हाताची कातडी नवी, गुलाबी आली होती.

त्याने दोन्ही दारांच्या उघड्या लाकडाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"चामडा लावा आता. लाकडाक ऊन लागता, तडकात."

"लोकांनी अजून..."

"लोकांनी बघल्यानी." गुणाजीने दार उघडलं आणि दाजींच्या शेजारी येऊन बसला. काखेतली पिशवी त्याने मांडीवर घेतली. "चला देवळात. बाबलीक सांगून ठेवलंय. नारळ मी घेतलंय."

दाजींनी गाडी चालू केली, पण समोरचा रस्ता त्यांना नीट दिसेना, म्हणून ती थोडा वेळ तशीच घुरघुरत उभी राहिली.