सात बावन्नचा मेसेज

भाऊ गाडी चालवताना फोन बघतो, हा संशय तीन आठवडे ताईच्या डोक्यात घर करून होता. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. वेळ टिपून ठेवल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नसे. रोज साडेसातला भाऊ तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, शाळेत सोडायला निघे. आठच्या पुढे पोहोचे. आणि त्याची उत्तरं यायची ती नेमकी मधल्या वेळेत. सात एक्केचाळीस. सात छप्पन्न. वहीत अशा नऊ नोंदी झाल्या होत्या.

"सिग्नलला थांबलो की बघतो गं," तो काल म्हणाला होता.

"वाटेत सिग्नल एकच आहे, चाळीस सेकंदांचा. तुझं टायपिंग दोन-दोन मिनिटं चालतं."

"तू बहीण आहेस की पोलीस?"

आज त्याला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून तिने सात बावन्नला मेसेज टाकला. 'कुठे आहात?'

लगेच निळी खूण उमटली. मग 'टाइप करत आहे'.

सापडला! आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं. या वेळी गाडी पुलावर असणार. शेजारी भिंगरी. फोन करावा तर घंटा वाजेल, तो पुन्हा खाली बघेल.

उत्तर आलं. 'आई, मी भिंगरी. आज मामाने फोन माझ्याकडे दिलाय. पण तुझा मेसेज म्हटल्यावर म्हणतो, दाखव इकडे. देऊ?'

'नको! दप्तरात टाक.'

मग काहीच नाही. आठ. आठ तीन. आठ सहा. बोटांना चाळा म्हणून ताई जुने मेसेज वर सरकवत राहिली. भावाच्या प्रत्येक उत्तराच्या वर तिचाच प्रश्न होता. 'निघालात?' 'दप्तर घेतलं ना?' 'पोहोचलात?' नऊच्या नऊ वेळा. वहीत तिने फक्त त्याच्या वेळा लिहिल्या होत्या.

आठ नऊला फोन वाजला. "सोडलं तिला. काय गं, एवढं काय पेटलं होतं?"

ताईने वही मिटली. "काही नाही. उद्यापासून फोन डिकीत टाकायचा."

"टाकतो. आणि तुझा?"

"माझा कपाटात. साडेसात ते सव्वाआठ, कुलूप लावून."



"किल्ली कुणाकडे?" भावाने संशयाने विचारलं.